राहिलेली सांधणी

अक्का,

तुझा माग भिंतीला टेकून उभा आहे, तू घडी घालून ठेवलास तसाच. वर तुझी निळी चादर आहे. दुकानातून मागच्या घरात यायचं तर त्याच्यासमोरूनच यावं लागतं आणि मी अंग चोरून येते. व्यापाऱ्यांच्या गादीवर जाऊन त्यांना घाम फोडणारी मी, एका लाकडी सांगाड्याला भिते. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "बघा बघा, शेटाणी मागाला घाबरून राहिली."

तुझी सून सुजाता येऊन गेली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि जाता जाता मागाकडे बोट करून म्हणाली, "मावशी, तेवढा ताणा कापून काढा अन् माग कुणाला तरी देऊन टाका. नुसती अडचण हाय."

"हात लावू नको त्याला," मी ओरडले. आवाज एवढा मोठा निघाला की दुकानातलं गिऱ्हाईक डोकावलं.

सुजाता घाबरली नाही. तुझ्या हाताखाली राहिलेली ती. शांतपणे म्हणाली, "तुम्ही तरी कुठं लावून राहिल्या हात?"

तिला काय सांगू? मागावर अजून थोडा ताणा, उभ्या दोऱ्यांचा, शिल्लक आहे. तेवढा विणता येईल मला, विणायला तू शिकवलंस. पण तो संपला की त्याच्या शेवटाला नवा ताणा जोडावा लागणार. तुमच्या घरात माग कधी मोकळा केला नाही. कापड उतरवलं तरी दोऱ्यांची टोकं फणीत तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक दोरा जुन्याच्या एकेका टोकाला पीळ देऊन सांधायचा. तुझ्या सासूनं तिच्या सासूच्या दोऱ्याला सांधलं, तू सासूच्या. ही सांधणी तू मला शिकवली नाहीस. "आल्यावर" म्हणालीस. म्हणून मी माग उघडत नाही. उघडला की विणावं लागेल, विणलं की ताणा संपेल, आणि तुमच्या इतक्या बायकांनी चालवत आणलेला दोरा माझ्या हातात तुटेल. भांडखोर बाईच्या, परक्या घरच्या बाईच्या हातात. ह्याची भीती मला किती वाटते ते सुजाताला सांगण्यासारखं नाही. तुला सांगते.

आपली पहिली भेट आठवते का? पंच्यांचा गठ्ठा घेऊन अर्धापूर, बिलोलीचे बाजार करायचे मी तेव्हा. नांदेडात तुमच्या गल्लीत माल स्वस्त मिळतो म्हणून आले. तू खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेली होतीस, गुडघ्यापर्यंत जमिनीत. हात थांबले नाहीत. मी भाव विचारला, तू सांगितलास, मी अर्धा केला. तू म्हणालीस, "बस की आधी, आत ये." मी आले नाही. उंबऱ्यावर उभं राहून घासाघीस केली आणि तू तुझ्या नवऱ्याला आतून तेलुगूत काहीतरी बोललीस. पुढे कळलं, "लई ताठ हाय ही" असं म्हणाली होतीस. मला तेव्हापासून शेटाणीच म्हणायला लागलीस. कुशावर्ता हे माझं नाव तू कितीदा घेतलंस? मला वाटतं, रागावल्यावरच.

ताठपणा नव्हता तो. पण तुला ते कळायला कितीतरी फेऱ्या जाव्या लागल्या. एकदा सुताचं रीळ घरंगळून खड्ड्यात पडलं. तू म्हणालीस, "उतर अन् दे बरं वर." मी आत आले, वाकले आणि तशीच राहिले. कपाळावरून घाम निथळला. तू माझ्याकडे पाहिलंस, स्वतः रीळ काढलंस आणि काहीही विचारलं नाहीस. तुझं हेच मला आवडायचं आणि ह्याचाच रागही यायचा. विचारायचं नाही, वाट बघत बसायचं.

मग मीच सांगितलं. लातूरकडचं आमचं गाव, भूकंप, घराची दगडामातीची भिंत. मी कमरेपर्यंत गाडली गेले होते. वरचं अंग मोकळं, हात मोकळे, आणि पाय कुठे आहेत ते कळत नव्हतं. लोकांनी उकरून काढेपर्यंत मी हातानं माती बाजूला करत राहिले आणि ती परत खाली येत राहिली. तेव्हापासून जिथे माझे पाय मला दिसत नाहीत तिथे मी बसत नाही. विहिरीच्या काठावर नाही, नाल्यावरच्या कट्ट्यावर नाही, आणि तुझ्या मागावर तर नाहीच.

तू फणी ठोकत ऐकलंस आणि म्हणालीस, "मग पाय वर ठेवून विण."

"असा माग असतो का?"

"असतोय की. लाकडाचा, घडीचा. जमिनीवर ठेवायचा, काम झालं की मिटवून भिंतीला लावायचा. बघितलाय मी."

"मी कशाला विणू? तू विण, मी विकते. चाललंय की बरं."

"विकणाऱ्या लई हायत गे नांदेडात," तू म्हणालीस. एवढंच. मला झोंबलं. त्याच दिवशी मी तुला पहिल्यांदा "अगं" म्हणाले. त्याआधी अहो-जाहो होतं आपलं.

मग तुझ्या मुलानं घर नीट केलं आणि तुझा खड्डा बुजवला. तू गेली होतीस लग्नाला, परत आलीस तर तिथे फरशी. दुसऱ्या दिवशी तू माझ्या दुकानात आलीस; तोवर मी फिरते बाजार सोडून दुकान टाकलं होतं. काखेत लुगड्यात गुंडाळलेली तुझी बांबूची फणी, तिच्यामागच्या दोऱ्याच्या चौकटी आणि त्यातून लोंबणारी टोकं. बाकीचा माग त्यांनी मोडीत दिला होता. तू रडली नाहीस. "चकचकीत केलंय पोरानं. पाय घसरतोय," म्हणालीस. नंतर मी तुझ्या घरी आले तेव्हा आत खाली बसले, पहिल्यांदाच, नेमकी त्या नव्या फरशीवर. तू मला तिथे बसलेलं बघितलंस आणि नजर वळवलीस. त्यावर आपण कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं का? मला अजून माहीत नाही.

लातूरला एक विणकामाचा शिकवणी वर्ग बंद पडला होता, तिथला घडीचा माग विकायला होता. तो घेताना मी त्या माणसाला इतका पिळून काढला की शेवटी त्यानं हात जोडले. "बाई, घेऊन जा. पण जोडून द्यायला माणूस पाठवणार नाही मी." मी म्हटलं, आमच्याकडे अक्का आहे. तू टेम्पोत माझ्या शेजारी बसून म्हणालीस, "अगं, मी जोडलेला माग न्हाई गे कधी. माझा तर जमिनीतच होता."

"आता सांगतेस?"

"तू विचारलंस का?"

लाकडं, दोन रूळ, पायाखालच्या फळ्या, नटबोल्टची पिशवी. सगळं ह्याच खोलीत पसरलं. बाजारात वांगी निवडावीत तशी तू लाकडं निवडत होतीस. हे पुढचं, हे मागचं, हे कशाचं ते देवाला ठाऊक. मी बोल्ट पिळत होते आणि तू म्हणायचीस, "आगू, आगू," म्हणजे थांब. मी थांबत नव्हते. उलटी लावलेली आडवी पट्टी परत काढली तेव्हा तू फक्त "हं" म्हणालीस. त्या "हं"वरून आपण जेवणापर्यंत भांडलो. संध्याकाळी माग उभा राहिला. कैचीसारखे पाय, मधोमध बिजागरी, दोन्ही बाजूंना एकेक लाकडी खिट्टी. ती घातली की माग पक्का, काढली की मिटायला मोकळा.

आणि तू खिट्ट्या घातल्याच नाहीस. जन्मभर ज्या मागाचे खांब जमिनीत गाडलेले, तिला माग हलू शकतो हे सुचणार कसं? तू ऐटीत बसलीस, फळी दाबलीस, फणीची चौकट जोरात पुढे ओढलीस, आणि अख्खा माग मिटत तुझ्या मांडीवर आला. मी झेप घेतली. माझं बोट मध्ये सापडलं, नख काळंनिळं झालं. मी किंचाळले, "मेली असतीस ना!"

"मागानं कोण मरतंय गे," तू म्हणालीस आणि हसायला लागलीस. लाकडाखाली अडकलेली, हसणारी तू. माझ्या डोळ्यासमोर मात्र गावची ती भिंतच होती. त्या दिवसापासून तू बसलीस की मी दुकानातून ओरडायचे, "खिट्टी?" आणि तू आतून, "लावली गे बाई, लावली." गिऱ्हाइकंसुद्धा हसायची.

तरी तुझं त्या मागाशी पटलं नाही. तुझे पाय फळी दाबून झाली तरी आणखी खाली जायचे. "पाय खाली जाईना गे," म्हणायचीस. तुझे पाय खड्डा शोधायचे आणि माझे, खड्डा नाही ना, ते चाचपायचे. एकाच फळीवर.

आणि ती फणी! मागाबरोबर पोलादाची नवी कोरी फणी आली होती, कागदात गुंडाळलेली. तू तुझीच जुनी बसवलीस. ती आखूड, चौकट लांब. दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे ठोकून, चिंध्या कोंबून बसवलीस. मी म्हटलं, हे काय गबाळं? तू म्हणालीस, "दोरे हिच्यात हायत." मी म्हटलं, दोरे काय, नवे घाल. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. ती पोलादी फणी अजून कागदात आहे. माझं म्हणणं अजून तेच आहे, अक्का. पोलादाची टिकते.

मग तू नवा ताणा लावायला घेतलास. मागाच्या पाठीमागे स्टूल टाकून बसायचीस, पीळ निसटू नये म्हणून बोटांना राख लावून, आणि मला दुकानातून हाका मारायचीस. हे धर, ते धर, जरा पीळ दे गे, तुझी बोटं मोकळीच हायत. मी लातूरच्या एका व्यापाऱ्याशी फोनवर भांडत असायचे. त्यानं चादरींचा रंग बदलून पाठवला होता आणि कबूल करत नव्हता. फोन उजव्या कानाला, आणि तू डाव्या हातात दोरे कोंबायचीस. खुंटी असावी तसं वापरलंस मला. "उलटं करून राहिलीस गे, शेटाणी. चालू दे, चालू दे," असं काहीतरी पुटपुटायचीस. मी तिकडे त्याला शिव्या घालत असायचे.

विणायला शिकले तेव्हा मात्र तू एकही दोष सोडला नाहीस. माझी पहिली किनार नागमोडी आली. तू मागावरच पंचा उजेडात बघितलास आणि म्हणालीस, "नदी छान आली. आता किनार विण." पण पाय समोर दिसत होते, अक्का. फळीवर, उजेडात, माझे दोन्ही पाय. आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी बसून काहीतरी केलं आणि कुणाशी भांडले नाही. हे तुला सांगायचं राहिलं. मला वाटलं, तुला दिसतंयच.

सांधणीचं मी किती वेळा विचारलं. "शिकव ना." "शिकवते की." "कधी?" "ताणा संपत आल्यावर." तू देगलूरला लेकीकडे निघालीस त्या सकाळी मी पुन्हा विषय काढला. तू मागचा रूळ सैल केलास, खिट्ट्या काढल्यास, माग मिटवलास. मी म्हटलं, मिटवतेस कशाला, आठवड्यात तर येणार. "घडीचा हाय तर घडी करावी," म्हणालीस. मग पायरीवर बसलीस. दम लागला होता. "जिना लई चढ हाय तुझा," म्हणालीस. पायऱ्या तीनच आहेत, अक्का.

मी चिडले. जिन्यावरून नाही, सांधणीवरून. "तुझं सगळंच आल्यावर!" तू उठलीस, पिशवी घेतलीस आणि दारातून म्हणालीस, "खिट्टी बघ जा."

तुला गोळ्या चालू होत्या हे सुजाताला माहीत होतं. तुझ्या मुलाला, लेकीला माहीत होतं. मला नाही. हा माझा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. समोरच्याच्या पापणीवरून त्याचा शेवटचा भाव ओळखते मी. माझ्यापासून लपवायला तुला किती कष्ट पडले असतील? तेवढे कष्ट सांगण्यात घेतले असतेस तर? तुला वाटलं असेल, ही आरडाओरडा करेल, डॉक्टरशी भांडेल. केलंच असतं. करू द्यायचं होतंस.

सुजाताचा फोन आला तेव्हा मी लातूरला एका व्यापाऱ्याच्या गादीवर बसले होते. "मावशी, अक्का गेल्या. काल."

"काल?"

"सगळं तिकडंच आटोपलं. गडबडीत तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

मी नातेवाईक नव्हते ना, म्हणून राहून गेलं. मी फोन खाली ठेवला आणि नुसती बसून राहिले. समोरच्या व्यापाऱ्याला वाटलं, बाई गप्प बसून भाव पाडते आहे. त्यानं भाव उतरवला. मी बोलले नाही. त्यानं आणखी उतरवला. आयुष्यात इतका चांगला भाव मला कधी मिळाला नव्हता, आणि मी तिथून काहीही न घेता उठून आले.

तेव्हापासून मला सगळ्याचीच भीती वाटते. फोन वाजला की लगेच उचलवत नाही. शटर ओढल्यावर कुलूप परत परत बघते, गॅसचं बटण बघते. भरल्या दुकानात उभी असताना मध्येच खाली वाकून पाय बघते, आहेत का. हे कुणाला सांगणार? तू असतीस तर विचारलं नसतंस आणि मी सांगितलं असतं.

सुजाता गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाची सुट्टी होती. दुपारी मी चादर काढली. हात लावण्यावरच्या तिच्या त्या एका वाक्यानं मला झोप लागली नव्हती. विचार एवढाच केला की कापडाला वास लागला का, कसर लागली का, तेवढं बघायचं. विणायचं नाही. माग पुढे ओढला, हळूहळू उघडला. बिजागरी कुरकुरली तेव्हा मी सोडून पळणार होते. डावी खिट्टी घातली. उजवी जाईना. भोक सापडत नव्हतं. शेवटी ती मुठीनं ठोकून बसवली. ताणा सैल होता, पण एकही दोरा गुंतला नव्हता. तू मिटवलास तसाच उघडला.

पुढच्या रुळावरचं कापड मी उलगडत गेले. माझे पंचे, आधी जरा सरळ किनार, मग नागमोडी किनार. उलगडत उलगडत अगदी सुरुवातीला पोचले, जिथे विणलेलं कापड संपतं आणि नुसते दोरे राहतात. तिथे तुझ्या सांध्यांची ओळ होती. तुझ्या जुन्या मागाची टोकं आणि ह्या मागाचा नवा ताणा, एकेक दोरा. मी त्यावरून बोट फिरवलं. डावीकडून निघालं तर बोटाला काही लागतच नव्हतं, इतके बारीक. मला रडू यायला लागलं, म्हटलं हे मला सात जन्मांत जमणार नाही.

मग उजवीकडे बोट अडखळलं. गाठीगाठीचं लागलं. मी चष्मा आणला. तिथले सांधे जाड होते, ओबडधोबड, आणि त्यांचा पीळ उलटा होता. तुझा सगळा पीळ एका बाजूचा, ह्यांचा दुसऱ्या. डाव्या हातानं दिलेला.

फोन उजव्या कानाला होता माझ्या.

मी खालीच बसले, अक्का. एक नाही, दोन नाही, ओळच्या ओळ. एकही तू सोडवून परत केलेला नाहीस. तो चादरींचा व्यापारी तासतासभर वाद घालायचा, आणि मी त्याच्याशी भांडत भांडत सांधत होते. त्या जाड सांध्यांवर मी नंतर सगळे पंचे विणले, ओढले, ठोकले, आणि त्यातला एक तुटला नाही. आणि तू मला "आल्यावर शिकवते" म्हणत राहिलीस. का? मला माहीत झालं असतं तर मी भाव केला असता म्हणून? की हे माझ्यासारखीला जमणार नाही, असं मीच म्हणाले असते म्हणून? बाजारात मला कुणी फसवलेलं नाही आजवर. तू फसवलंस, आणि मला पत्ता लागू दिला नाहीस.

मी कापड परत गुंडाळलं. मागचा रूळ ताठ केला. मागाच्या बसायच्या पट्टीवर बसले, पाय फळीवर ठेवले आणि पाहिले. दोन्ही होते. भीती गेली असं मी लिहिणार नाही, तुला खोटं चालत नाही. मी मोठ्यानं विचारलं, "खिट्टी?" कुणी "लावली गे बाई" म्हणालं नाही. मग मी उठले, वाकून दोन्हीकडच्या खिट्ट्या स्वतः बघितल्या, आणि परत येऊन बसले. फळी दाबली. आडव्या सुताचा धोटा टाकला.

ताणा संपेल, अक्का. जास्त उरलेला नाही. नवा आणून ठेवला आहे आणि वाटीत राख चाळून ठेवली आहे. फणी तुझीच राहील, तेवढं तुझं ऐकते. पण पीळ मी उलटाच देणार. तुला चालणार नसेल तर येऊन सांग.